शिष्यवृत्ती आहे, जागा आहेत, तरी गरीब घरची मुलं विद्यापीठात का येत नाहीत?

तुमचा प्रश्न मी असा समजले, की विद्यापीठाकडे शिष्यवृत्ती आहे, काही जागा राखून ठेवल्यात, दरवर्षी शाळांमध्ये जाऊन माहितीपण देता, तरी ज्या घरातून आधी कोणीच कॉलेजला गेलं नाही तिथली मुलं अर्जच करत नाहीत, आणि जी येतात त्यातली बरीचशी पहिल्या वर्षात सोडून जातात, तर मग हातात आहे ते थोडंसं बजेट नेमकं लावायचं कुठे. मी आधी प्रवेश विभागात आणि नंतर विद्यार्थी मदत कक्षात बरीच वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे स्वतः बघितलेलं आणि नीट अभ्यास होऊन सिद्ध झालेलं असं दोन्ही सांगते. उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे बजेट माहितीपत्रकांवर लावू नका. आपल्या सगळ्यांचा समज असा असतो की या मुलांना माहितीच नसते, माहिती पोचली की ती येतील. हे तपासून बघितलंय लोकांनी. अमेरिकेत सरकारी आर्थिक मदतीसाठी फाफसा नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात तेव्हा शंभराच्या वर प्रश्न होते. २००८ मध्ये एच अँड आर ब्लॉक या टॅक्स भरून देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसांमध्ये एक प्रयोग झाला. कमी उत्पन्नाची कुटुंबं टॅक्ससाठी आलीच होती, त्यांची कमाईची माहिती समोर कॉम्प्युटरवर होतीच, तर काही कुटुंबांना तिथल्या तिथे दहाएक मिनिटांत फॉर्म भरून दिला. दुसऱ्या गटाला फक्त लेखी सांगितलं की तुम्हाला साधारण इतकी मदत मिळेल, फॉर्म तुम्ही भरा. तिसऱ्या गटाला काहीच विशेष दिलं नाही. ज्यांना फॉर्म भरून दिला त्या घरच्या बारावीच्या मुलांमध्ये सलग दोन वर्षं कॉलेजात राहिलेल्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. आणि नुसती माहिती मिळालेल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. नंतर तिकडेच आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना मेसेज, ईमेल, पत्रं पाठवून बघितली, की मदतीचा फॉर्म भरा, तारीख जवळ आली वगैरे, त्याचाही परिणाम जवळजवळ शून्य आला. म्हणजे माहिती वाईट नाही, पण फॉर्मपाशी अडकलेल्या माणसाला फॉर्मची माहिती दिली तर तो अजूनही तिथेच अडकलेला असतो, त्याच्या शेजारी बसून भरून द्यावा लागतो.

आता पैशाचं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक विद्यापीठं इथेच चुकतात. शिष्यवृत्ती असणं आणि शिष्यवृत्ती नक्की मिळणार हे मुलाच्या घरी आधी कळणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात २०१५ पासून हेल नावाची योजना सुरू झाली, सूझन डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. कमी उत्पन्नाच्या घरातली, चांगल्या मार्कांची मुलं राज्य सरकारच्या शाळांच्या रेकॉर्डवरूनच शोधून काढली, म्हणजे कोणाकडूनही गरिबीचा पुरावा मागितला नाही, आणि शेवटच्या शालेय वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांना घरी पत्र पाठवलं, की तू अर्ज कर, प्रवेश मिळाला तर चार वर्षं ट्यूशन फी शून्य, त्यासाठी एकही आर्थिक फॉर्म भरायचा नाही. आईवडिलांना वेगळं पत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांना वेगळं कळवलं. ज्या शाळांमधल्या मुलांना हे पत्र गेलं तिथे ६८ टक्के मुलांनी अर्ज केला, ज्यांना गेलं नाही तिथे २६ टक्के. त्या विद्यापीठात प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचं प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की या पत्राने मुलांना जास्तीचे पैसे जवळपास दिलेच नव्हते, त्यातल्या बहुतेकांना नेहमीच्या पद्धतीने अर्ज केला असता तरी तितकीच मदत मिळाली असती. फरक फक्त एवढाच होता की आधी "मिळू शकेल" असं होतं, आता "मिळणार" असं लिहून सही करून दिलं. नंतर त्यांनी याच पत्राचं दुसरं रूपही करून बघितलं, फी माफ होईल पण उत्पन्नाचे कागद दाखवावे लागतील असं, तर अर्ज थोडे वाढले पण प्रत्यक्ष प्रवेश वाढले नाहीत.

हे असं का होतं ते घरात बसून विचार केला की लगेच कळतं. ज्या घरात महिन्याचं गणित कसंबसं जुळतं तिथे मूल चार वर्षं कमावणार नाही हाच मोठा खर्च असतो, त्यात फी किती, मदत किती, ती कधी हातात येणार, दुसऱ्या वर्षी बंद झाली तर काय, यातलं काहीच पक्कं नसेल तर समजूतदार आईवडील "नको" म्हणतात. त्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्यांच्याशी अर्धा तास बोलावं. त्यांना किंमत पक्की कळलेली असते, जोखीम परवडत नसते. श्रीमंत घरातल्या मुलाचं एखादं वर्ष वाया गेलं तर वाईट वाटतं, आणि या घरात तेच वर्ष वाया गेलं तर धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबतं.

म्हणून तुमच्याकडे जी शिष्यवृत्ती आहे तीच घ्या, रक्कम वाढवायची गरज नाही, आणि तिचं रूप बदला. एक पान, मुलाच्या नावाने, कुलगुरू किंवा कुलसचिवांच्या सहीचं, घरी जी भाषा बोलतात त्या भाषेत, अर्जाच्या तारखेच्या बऱ्याच महिने आधी. त्यात सगळ्या वर्षांचं लिहा, फक्त पहिल्या वर्षाचं नको. "निकषांच्या अधीन राहून" हे वाक्य जिथे जिथे दिसेल तिथे आपल्या अकाउंट्सवाल्यांना विचारा की हे खरंच लागतंय का, बहुतेक वेळा ते जुन्या पत्रातून कॉपी होत आलेलं असतं. आणि पात्रता ठरवायला शाळेकडे किंवा सरकारकडे आधीच असलेली यादी वापरा. एका कुटुंबाने एकदा सिद्ध केलंय की आमचं उत्पन्न कमी आहे, त्याला पाच ऑफिसांमध्ये पाच वेळा तेच सिद्ध करायला लावू नका. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा दाखल्यासाठी एक दिवस जातो म्हणजे त्या दिवसाची कमाई जाते, आणि ते काम सहसा एका दिवसात होत नाही.

एक काम मी प्रत्येक विद्यापीठाला सांगते, तुमच्या प्रवेश अर्जाची प्रिंट काढा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचीपण काढा, होस्टेलची पण, आणि प्रत्येक रकान्यासमोर आणि प्रत्येक मागितलेल्या कागदासमोर लिहा की यावरून कोण काय निर्णय घेतं. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो रकाना काढून टाका. मी जिथे जिथे हे करून घेतलंय तिथे बरंच काही निघालंय, आणि त्यात हमखास एक असा कागद निघतो जो पालक नसलेल्या किंवा अनाथालयात वाढलेल्या मुलाला आणताच येत नाही, म्हणजे त्या मुलासाठी दार तिथेच बंद, आणि कोणाच्या मनात तसं करायचं नसतंसुद्धा.

पैशाच्या वेळेबद्दलपण बघा. फी आधी भरा, शिष्यवृत्ती नंतर परत देऊ, ही पद्धत म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्यासाठीच केलेली मदत आहे. डिपॉझिट, होस्टेलचं आगाऊ भाडं, लॅबचं साहित्य, हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत लागतं आणि मदत येते सेमिस्टर संपत आल्यावर, मधल्या काळात ते कुटुंब व्याजाने पैसे घेतं. विद्यापीठाला ही रक्कम काही महिने येणे म्हणून दाखवता येते, त्या घराला नाही येत.

आणि फी माफ केली की काम झालं असंही समजू नका. स्कॉटलंडमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांना ट्यूशन फी भरावी लागत नाही, तरीसुद्धा २०१६ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या आयोगाला वेगळं लक्ष्य ठरवावं लागलं की २०३० पर्यंत पदवीला येणाऱ्यांपैकी २० टक्के विद्यार्थी सगळ्यात वंचित २० टक्के भागांतले असावेत. फी शून्य असूनही ते आपोआप झालं नव्हतं, कारण राहणं, खाणं, प्रवास हे तर उरतंच, आणि शाळेत कोणते विषय मिळाले, किती मार्क पडले हे सगळं त्याच्याही आधी ठरून गेलेलं असतं.

मार्कांवर येते. इथे प्राध्यापक मंडळी लगेच म्हणतात की कटऑफ खाली आणला तर दर्जा घसरेल. त्यांची काळजी खरी आहे, तिला उत्तर द्यायला हवं, नुसतं सामाजिक न्यायाचं भाषण देऊन ते पटत नाहीत. त्यांना इंग्लंडचा आकडा दाखवा, तिथल्या उच्च शिक्षण निधी मंडळाने २०१४ मध्ये तपासलं तेव्हा असं दिसलं की शाळेच्या शेवटच्या परीक्षेत सारखेच ग्रेड असतील तर सरकारी शाळेतून आलेली मुलं पदवीला महागड्या खाजगी शाळेतल्या मुलांपेक्षा सरासरी चांगली ठरतात. सरळ आहे हो, एकाने तेवढे मार्क क्लास, घरी वेगळी खोली आणि प्रत्येक विषयाचा पक्का शिक्षक असताना मिळवलेत, दुसऱ्याने गणिताचा शिक्षक अर्धं वर्ष नसताना मिळवलेत. म्हणजे मार्क कुठून आले हे बघून निर्णय घेणं ही दया अजिबात नाही, मुलाची खरी कुवत जास्त अचूक मोजणं आहे. फक्त एक करा, सवलत किती आणि कोणाला हे अर्जाच्या आधीच जाहीर करा. बरीच विद्यापीठं "आम्ही परिस्थिती विचारात घेतो" एवढंच लिहितात, त्यावरून कोणत्या मुलाला कळणार की आपण अर्ज करावा का? "अमुक शाळांमधल्या मुलांसाठी इतके मार्क कमी चालतील" असं स्पष्ट आकड्यात लिहिलं तर शाळेतला शिक्षक स्वतःहून चार मुलांना पुढे ढकलतो.

नियम साधा असला की तो लांब पोचतो, हे टेक्सासमध्ये दिसलं. तिथे १९९७ मध्ये कायदा केला की राज्यातल्या कोणत्याही शाळेत वरच्या १० टक्क्यांत आलेल्याला सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, त्यामुळे ज्या शाळांतून आधी कोणी ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठात जातच नव्हतं तिथून मुलं यायला लागली. ब्राझीलने २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी ठेवल्या, आणि त्यातल्या निम्म्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. मला ब्राझीलचं जास्त आवडतं ते अशासाठी, की तिथे त्याच्या आधी, २०१० मध्येच, विद्यार्थ्यांच्या राहण्याखाण्याच्या, प्रवासाच्या, आरोग्याच्या, अगदी लहान मूल असेल तर पाळणाघराच्यासुद्धा मदतीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. जागा राखताना ती मुलं टिकतील कशी हे पण सरकारच्याच खात्यावर होतं. मार्क थोडे कमी पडलेल्यांना एक वर्ष आधी तयारी करून घेऊन मग मुख्य कोर्सला घेणं हाही चांगला रस्ता आहे, आयआयटींमध्ये अनुसूचित जातीजमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी असा तयारी कोर्स आहेच, फक्त ते वर्ष फुकट आणि राहण्याच्या सोयीसकट असायला हवं, नाहीतर एक कमाईचं वर्ष अजून वाढतं.

आता ज्या जागेवर कोणाचंच लक्ष नसतं तिथे येते. प्रवेश मिळाला, सीट नक्की झाली, आणि कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी मूल आलंच नाही. अमेरिकेत बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी यावर बरंच काम केलंय, तिथे कॉलेजला जायचं ठरवलेल्यांपैकी १० ते २० टक्के मुलं या मधल्या दोनतीन महिन्यांत गळतात आणि गरीब घरांमध्ये हे प्रमाण जास्त असतं. कारण या काळात शाळा म्हणते मूल आता आमचं नाही, विद्यापीठ म्हणतं अजून आमचं झालं नाही, आणि नेमक्या याच वेळी होस्टेलचा फॉर्म, मेडिकल सर्टिफिकेट, पोर्टलवर लॉगिन, डिपॉझिट असं एकामागून एक येत राहतं. मी या महिन्यांमध्ये फोन करणारी माणसं ठेवण्याच्या अगदी ठाम बाजूची आहे. ऑटोमॅटिक मेसेज नको, किंवा मेसेज ठेवा पण त्याला उत्तर दिलं की पलीकडे नाव असलेला माणूस हवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची, तशाच घरांतून आलेली मुलं यासाठी उत्तम, त्यांना त्या कामाचे पैसे द्या, फुकट राबवू नका. आणि फोन संध्याकाळी उशिरा करा, कारण त्या आधी आईवडील कामावर असतात आणि निर्णय त्यांच्यासोबत होतो. फोनवर मुलं "हो येतोय" म्हणतात, तिथे थांबू नका, विचारा की पोर्टल उघडून बघितलंस का, शेवटची कुठली पायरी हिरवी दिसतेय, राहायचं कुठे ठरलंय, पहिल्या दिवशी यायचं भाडं आहे का. खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला बाहेर येते.

टिकण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, पण पैशाच्या हिशोबाने तेच पहिलं आहे, कारण अर्धवट सोडलेलं शिक्षण त्या मुलासाठी कधीकधी न घेतलेल्या शिक्षणापेक्षा महाग पडतं, कर्ज राहतं आणि पदवी नसते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २००७ पासून एसॅप नावाचा कार्यक्रम आहे, दोन वर्षांच्या पदवीसाठी. त्यात उरलेली फी माफ, पुस्तकं फुकट, महिन्याचा बस-मेट्रोचा पास, आणि एक नेमलेला सल्लागार, ज्याच्याकडे या कार्यक्रमाचा अभ्यास झाला तेव्हा ६० ते ८० विद्यार्थी होते, जिथे बाकी सल्लागारांकडे ६०० पासून १५०० पर्यंत असायचे. विद्यार्थ्यांना फुलटाइम शिकावं लागतं, सल्लागाराला नियमित भेटावं लागतं, आणि पास त्या भेटीशी जोडलेला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना केली तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. ओहायोमध्ये हाच कार्यक्रम नेला तर तिथेही जवळपास दुप्पट. विद्यार्थ्यामागे खर्च जास्त होतो हे खरं, पण पदवी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकामागचा खर्च बघितला तर तो कमी निघाला, आणि हाच आकडा तुमच्या वित्त समितीसमोर ठेवा.

एवढं सगळं परवडत नसेल तर त्यातला सल्लागार निवडा. पण असा सल्लागार, ज्याच्याकडे मोजकीच मुलं असतील आणि ज्याला पैसे मंजूर करायचे थोडे अधिकार असतील. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत २०११ पासून छोट्या रकमेची मदत देतात, फीची थोडीशी बाकी राहिली म्हणून ज्यांचं नाव कमी होणार होतं अशा विद्यार्थ्यांची ती बाकी विद्यापीठ स्वतःहून भरतं, अर्जाची वाट बघत नाही. मला हा प्रकार फार पटतो. मी कितीतरी मुलं अशी बघितलीत जी अभ्यासात व्यवस्थित होती आणि अगदी किरकोळ थकबाकीवरून हॉल तिकीट अडलं, मग लाजेने कोणाला न सांगता घरी गेली आणि परत आलीच नाहीत. थकबाकीची यादी तुमच्या अकाउंट्सकडे असतेच, ती दर महिन्याला मदत कक्षाकडे आली पाहिजे, दंडाची नोटीस जायच्या आधी.

मुलांना तिथे परकं वाटतं, हाही मुद्दा आहे आणि खरा आहे. २०२३ मध्ये २२ संस्थांमधल्या २६ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात नव्या विद्यार्थ्यांना अर्ध्या तासापेक्षा कमी वेळात वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं आणि हळूहळू ते जातं. पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण फक्त तिथेच, जिथे तशा घरांतून किंवा समाजांतून आलेल्या मुलांना आपलेपणाने सामावून घेणारं वातावरण प्रत्यक्षात होतं. म्हणून स्वागत समारंभावर खर्च करण्याआधी हे बघा की ग्रंथालय संध्याकाळी उघडं असतं का, पार्टटाइम काम करणाऱ्या मुलाला प्रॅक्टिकलची दुसरी बॅच मिळते का, शिक्षक वर्गात "हे तर तुम्ही शाळेत केलंच असेल" असं म्हणून पुढे जातात का. हे शेवटचं वाक्य किती मुलांना गप्प करतं हे शिक्षकांना खरंच माहीत नसतं, सांगितलं की बहुतेक जण लगेच बदलतात.

मोजायचं काय, तर शाळाभेटी किती केल्या हे मोजणं बंद करा. पाच आकडे ठेवा, अर्ज किती, प्रवेश किती जणांना दिला, पहिल्या दिवशी हजर किती, दुसऱ्या वर्षात गेले किती, पदवी घेतली किती, आणि प्रत्येक आकडा पहिल्या पिढीतल्या, म्हणजे घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुलांसाठी आणि बाकीच्यांसाठी वेगवेगळा. ज्या पायरीवर दोघांमधलं अंतर सगळ्यात जास्त वाढतं तिथे बजेट लावा. प्रत्येक विद्यापीठात ती पायरी वेगळी असते, त्यामुळे मी इथून बसून तुम्हाला टक्केवारी वाटून देणार नाही.

आणि हे सगळं उभं करायला वर्ष जाईल, तोपर्यंत एक गोष्ट या आठवड्यात होऊ शकते. मागच्या वर्षी प्रवेश मिळूनही न आलेल्या आणि पहिल्या वर्षात सोडून गेलेल्या मुलांची यादी रजिस्ट्रार ऑफिसमधून घ्या, आणि तुम्ही स्वतः त्यातल्या वीसपंचवीस जणांना फोन करा, हे काम कोणाकडे ढकलू नका. काय झालं एवढंच विचारा, समजावू नका, बचाव करू नका, लिहून घ्या. ज्यांना परत यायचंय त्यांच्यासाठी काय करता येईल ते त्याच फोनवर सांगता आलं पाहिजे, म्हणून फोन करायच्या आधी कुलसचिवांकडून पुनर्प्रवेशाची आणि जुनी थकबाकी माफ करण्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा.